हातमोजे

गुरुवारी साडेचारला हिल्का यायची.
केमियार्वीत तेव्हा केव्हाची रात्र झालेली असायची.
पायरीवर बूट आपटून बर्फ झाडायची, बटण दाबायची.
आमची बेल वाजत नसे,
स्वयंपाकघरातला दिवा तीनदा मिचकावत असे,
आणि सेन्या, दीड वर्षाची,
दिव्याकडे नाही, दाराकडे बघायची.

मी रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवतो.
माझी बोटं स्टिअरिंगच्या आकाराची झालीत.
गंजलेली बिजागरी हलवून बघावी
तशी हिल्का ती एकेक करून सरळ करायची.
"थांब" म्हणायला जावं तर "मासा" व्हायचा.
सेन्याला तो मासा फार आवडायचा.

दवाखान्यातल्या बाई चांगल्या होत्या. कॉफी दिली.
म्हणाल्या, ऑपरेशन होईल, यंत्र बसेल, आवाज पोचेल,
किती, ते आत्ताच सांगता येत नाही.
मी विचारलं, आणि तोवर?
त्यांनी कपात बघितलं.

शेजारचा ओस्मो म्हणाला,
हात शिकवलेत तर जीभ आळशी होईल पोरीची.
ओस्मोचे दोन्ही कान शाबूत आहेत.
दिवसाला सहा शब्द बोलतो. हे त्यातच संपले.

हिल्काला मी हे कागदावर लिहून दाखवलं.
तिनं उत्तर दिलं नाही.
पुढच्या गुरुवारी एक फोटो आणला:
अकरा मुलं, बाकावर, हाताची घडी.
तोंडावर बोट मात्र नाही,
तोंडच तर हवं होतं ना शाळेला.
बाईंच्या गळ्याला हात लावून "प" काढायचा,
"प" निघेपर्यंत सुट्टी नाही.
चार वर्षांत प, त, म नीट जमले.
घरी सांगण्यासारखं खूप साचलं होतं तिच्याकडे,
प, त, म मध्ये ते मावेना.
भाषा मिळाली ती रात्री,
वसतिगृहाच्या संडासातल्या दिव्याखाली,
मोठ्या मुलींच्या हातांवरून.

माझे वडील जन्मभर हातचं राखून बोलले.
एकाहत्तराव्या वर्षी नातीसमोर बसले
आणि राखायला हातच उरले नाहीत.
मार्चमध्ये तळ्याचा बर्फ फुटून
ते घोड्यासकट खाली गेले होते,
घोडा वर आला नव्हता,
हे मला तिच्या शेजारी बसल्यावर कळलं.
चाळीस वर्षं मी त्यांच्याच घरात जेवत होतो.

मग यंत्र बसलं.
दार आपटलेलं कळतं, कुत्रा कळतो,
आईचं गाणं अर्धं कळतं,
उरलेलं अर्धं ती आईच्या हातांवरून पुरं करते.
रात्री यंत्र डबीत जातं.
अंधारात तिला काही सांगायचं असलं
तर ती माझा हात शोधते, तळव्यात बोलते.

काचेवरच्या वाफेत हिल्कानं एकदा लुमी लिहिलं.
आधी बर्फाची खूण, मग बोटांनी चार अक्षरं,
मग काचेवर तीच चार.
सेन्यानं खिडकी उघडली,
बाहेरून मूठभर आणून
अक्षरांच्या खाली ठेवला.
हिल्का बराच वेळ पुसत बसली,
काच नाही.

आज उणे सव्वीस. सेन्या चार वर्षांची.
ती पुढे, मी मागे, वाट अरुंद.
अचानक थांबली, वळली,
दातांत धरून मोजे ओढले, बर्फात टाकले,
आणि उघड्या हातांनी सुरू झाली:
कोल्ह्याचे ठसे, तीनच पाय, चौथा कुठं गेला,
त्याला दुखलं का, तो घरी पोचला का.
बोटं लाल होत चाललेली.
मी घाईघाईनं हात हलवले.
तिनं डोळे बारीक करून पाहिलं.
"बाबा, पुटपुटू नकोस. मोजे काढून बोल."

मी मोजे काढले.
काय म्हणत होतो,
तर मोजे घाल, गारठशील.