वीस सेकंद

गेममध्ये जग संपून चाळीस वर्षं झालेली.
हिरवट राख पडत राहते, सगळीकडं सारखी.
मधे एक शहर, शहराला एक फाटक,
फाटकावर वॉर्डन :
लांब कोट, एकाच हातात मोजा.
पाणी मोजतो, भाकरी मोजतो, माणसं मोजतो.
वादळ उठलं की फाटक बंद.
बाहेर कोण राहिलं, विचारायचं नाही.

आम्ही विचारायचो.
परभणीत, वसमत रोडला,
कोटगिरे सरांच्या अभ्यासिकेच्या गच्चीवर,
दुपारी तापलेल्या अन् रात्रीही न निवलेल्या टाकीपासून हातभर लांब बसून.
चार जणांत एक फोन, मुदस्सिरचा, काच तडकलेला.

शेवटच्या प्रसंगात वॉर्डन समोर उभा राहतो,
आपल्या हातात पिस्तूल, वर लाल आकडे : वीस, एकोणीस, अठरा.
मी तीनदा मारला त्याला.
तिन्ही वेळा शहर आठवड्यात गेलं.
एकदा विहिरीवरच्या मारामारीत,
एकदा तापात,
एकदा नुसतंच, सकाळचा भोंगा कुणी वाजवला नाही म्हणून.

इंद्रायणी म्हणाली, ‘सहाशे जगवले की त्यानं.
बाहेर राहिले चाळीस. मांड गणित.’
शीलरत्न म्हणाला,
‘गणित मांडणारा दरवेळी आतच कसा काय असतो गं?’

मुदस्सिर म्हणाला, ‘पण भाई, मेलेल्यांची नावं लिहितो तो. रात्री, वहीत, स्वतःच्या हातानं.
अपने यहाँ कौन लिखता?’
‘हजेरी घेतली म्हणजे माया झाली का?’

नीतिशास्त्राच्या पेपरात हाच प्रश्न आला तर
काय लिहायचं यावर मात्र आमचं एकमत होतं :
दोन्ही बाजू, मग संतुलित निष्कर्ष,
अडीचशे शब्दांत.

एकदा शीलरत्न वैतागून म्हणाला,
‘त्याला मारलं की शहर पडतं,
हे ज्यानं गेम बनवला त्यानंच ठरवून ठेवलंय ना?
मग आपण काय वाद घालायलोत?
ते आधीच घातलंय कुणीतरी, आपल्याला नुसतं बटण दिलंय.’
कुणी काही बोललं नाही. चार्जिंग तीन टक्के होतं.

कोटगिरे सरांचं फाटक दहाला बंद होतं.
शिस्त नाही त्याला निकाल नाही, असं भिंतीवर रंगवलंय,
खाली लागलेल्यांची नावं, एकतीस,
सरांच्या स्वतःच्या अक्षरात.

मे महिन्यातली गोष्ट. शीलरत्नची पंपावरची पाळी लांबली.
दहा वीसला फाटक हललं.
हॉलमध्ये एकच कूलर, त्याच्या आवाजातूनही ऐकू आलं.
पुन्हा हललं.
सरांनी मान वर केली नाही.
इंद्रायणीनं पान उलटलं, मग परत मागं आणलं.
मी त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीची एक ओळ
चार वेळा वाचली.
तिसऱ्यांदा हललं ते हळू,
बाहेरच्यानंच आवाज होऊ नये म्हणून धरल्यासारखं.
वर लाल आकडे नव्हते.
असते तर कदाचित उठलो असतो.
की नसतो.

दुसऱ्या दिवशी तो साडेनऊलाच आला.
कागदात भाजलेल्या शेंगा, सगळ्यांपुरत्या.
रात्र कुठं काढलीस, कुणी विचारलं नाही,
त्यानं सांगितलं नाही.
गच्चीवर फोन मागितला.

वॉर्डन समोर आला. आकडे सुरू झाले.
त्यानं पिस्तूल उचललं नाही, खालीही ठेवलं नाही.
त्याला तिथंच सोडून जिना उतरला,
अंगण ओलांडून फाटकाशी गेला
अन् फटीत कॅमेरा घुसवून बाहेर बघायला लागला.
आम्ही चौघं त्या तडकलेल्या काचेवर वाकलो.

बाहेर कुणी नव्हतं.
राखही पडत नव्हती तिकडं. करडा रंग, सपाट, भिंतीसारखा.
बनवणाऱ्यांनी ती माणसं काढलीच नव्हती.
नुसता ठोठावण्याचा आवाज भरून ठेवलेला,
एकच, पुन्हा पुन्हा तोच.

चार. तीन.
शीलरत्ननं आवाज वाढवला.