एक वीत

ताई फोनवर विचारते, ऑनर्स म्हणजे काय गं?
मी म्हणते, मान.
कुठली मान?
रात्री दोनला दुखते ती.

यशोधन झोपलाय. स्क्रीनच्या उजेडात
त्याच्या पायावरची चादर निळी दिसते.
फीचा तिसरा हप्ता फ्रिजवर चिकटवलाय,
भेंडी-कोथिंबिरीच्या यादीखाली.
वय एकेचाळीस. गाव शारजा.
दिवसभर पाट्यांच्या दुकानात
अरबी अक्षरांना उजवीकडून समास सोडायचा,
आणि संध्याकाळी मुवैल्याच्या वर्गात
वीस वर्षांनी लहान मुलांशेजारी बसून
माणूस पाणी कसं पितो ते शिकायचं.

विषय माझाच: सबील.
कुंपणाबाहेर, मशिदीच्या भिंतीला लागून
कुणी कुणाच्या आठवणीत ठेवलेला स्टीलचा कूलर,
तीन नळ, साखळीला बांधलेला पेला,
जो येईल त्यानं प्यावं.
आपली पाणपोईच,
फक्त हिला वायर आहे.

हेस्साबाई म्हणाल्या, आधी मापं घे, मतं नंतर.
घेतली.
नळाची उंची. जाळीची खोली.
ऑगस्टात दुपारी दोनला हँडलचा चटका, अंशांत.
साखळीची लांबी, जी उंच माणसाला
उगाच नमस्कार करायला लावते.
सांगलीला बाबा चष्म्याच्या काचा घासायचे,
अर्धा मिलिमीटर चुकला
की कुणाचं तरी डोकं दुखणार, म्हणायचे.
मी टेप दोनदा लावते.

इंडस्ट्रियल एरिया. कूलर क्रमांक अकरा.
मधल्या नळाला रबरी नळीचा तुकडा,
हिरवा, बागेतला, टोकाला तिरका कापलेला.
पाच लिटरचा कॅन नळाखाली मावत नाही,
तो इथे खाली फरशीवर बसून
निवांत भरत होता.
आणि माझ्या नऊ आराखड्यांत
कॅनच नव्हता.
सगळीकडे पेला, पेला, पेला.
खोलीवर वाट बघणारे सहाजण
मी मोजलेच नव्हते.

नळी काढली. आकृती ४.७.
खाली लिहिलं, कर्ता अज्ञात.
बाईंनी लाल गोल केला:
अज्ञात हा संदर्भ होत नाही. शोध.

मग तीन शुक्रवार.
नूरुल म्हणाला, मी नाही, शाजहान.
शाजहान म्हणाला, मी आलो तेव्हा होतीच.
सफाईवाले काढून नेतात, आम्ही परत लावतो.
पहिली?
पहिली एका पेशावरच्या पेंटरनं, म्हणे.
नाव?
विझा संपला, गेला.
रांगेतून कोणीतरी हसलं,
मॅडम, नळीला पण नाव लागतं?

त्याच दिवशी नळ पुन्हा मोकळा होता.
शाजहाननं पिशवीतून वेटोळं काढलं, नवं, पिवळं.
मी टेप पुढे केला.
त्यानं बघितलंही नाही.
पंजा पसरला, अंगठ्यापासून करंगळी,
नळीवर टेकवला,
आणि पुढे एक बोट आडवं धरून
मग सुरी लावली.

हे बोट कशाला?
त्याचं आहे, म्हणाला.
त्याचा हात मोठा होता.

घरी येऊन मोजली दोन्ही टिपणं.
हिरवी, दोनशे अठ्ठेचाळीस.
पिवळी, दोनशे अठ्ठेचाळीस.

सबमिशन उद्या नऊला.
मापाच्या चौकटीत सॉफ्टवेअर आकडाच घेतं,
शब्द टाकला की लाल होतं.
आकृतीखाली मी तीनदा लिहून तीनदा खोडलं.
यशोधन कूस बदलतो, झोपेतच म्हणतो, झालं का?
मी नळी पडद्यावर खऱ्या आकारात उघडते,
दिव्याकडे पाठ करून
तिच्यावर हात ठेवते, ताणून, दुखेपर्यंत.

अडीच बोटं कमी पडतात.