परवा

नॉर्थ शील्ड्स. मासळीधक्क्यावरचं जुनं खलाशी-निवास,
वरचा मजला, लिफ्ट बंद.
सात देशांचे अकरा न्यायाधीश.
मी इथलीच, म्हणून चहाची किटली माझ्याकडे.
खिडकीबाहेर एक कुरव
आमच्या बिस्किटांवर डोळा ठेवून.

ग्वेनलियन आम्हाला शिकवायला आली आहे.
ती म्हणते, सकाळी जो जिना चढून आलात
त्याच्या पायऱ्या किती, लिहा.
कठड्याचा रंगही लिहा.

अकरा कागद.
पायऱ्या एकोणीस ते सत्तेचाळीस.
कठडा तपकिरी, काळा, करडा;
लुब्लियानाची ताडेया म्हणते, कठडा नव्हताच.
मी एकतीस लिहिलं होतं,
ठासून, खाली रेघ मारून.

ग्वेनलियन कागद गोळा करते.
"आणि आज तुमच्या मागे
कुणी लागलेलं नव्हतं."
एवढंच म्हणते.

आम्ही हसलो.
मग थोडं कमी हसलो.

कंपालाच्या नालुबेगाबाई चष्मा पुसत सांगतात :
आमच्याकडे लोक तारीख सांगत नाहीत.
सांगतात, ज्या वर्षी पूल वाहून गेला.
मग मी पुलाची तारीख शोधते.
तो पळत आलाय, मी बसलेली आहे.
शोधायचं कुणी?

आणि मॉन्ट्रियालचा तो अबोल गृहस्थ, लावाले,
दोन दिवसांत पहिल्यांदा बोलतो :
पश्तूत 'शीन' म्हणजे हिरवा.
'शीन' म्हणजे निळाही.
मी दुभाष्याला सांगतो, रंग नको,
त्यानं उच्चारला तो शब्द दे.

माझं पेन थांबलं.

नोव्हेंबर. पक्तियाचा माणूस, वय अंदाजे चोवीस,
उसन्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत.
परिच्छेद चौदा, भाषा माझी :
'मुलाखतीत अपीलकर्ता घराचे दार निळे असल्याचे सांगतो,
माझ्यासमोर हिरवे.
ज्या दारातून भावाला ओढून नेले
त्याचा रंग मनुष्य विसरेल, हे मला पटत नाही.'
किती सफाईदार वाक्य.
लिहून झाल्यावर मी दोनदा वाचलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत फोन पाहिला.
मिरजेच्या बहिणीला विचारलं होतं,
मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी?
उत्तर आलं होतं : परवा.

नुसतं परवा. क्रियापद नाही.
झालं, की व्हायचंय?
आपल्या भाषेत हा एकच शब्द
मागंही दोन दिवस उभा असतो, पुढंही दोन दिवस,
आणि जरा रफार सरकला
की त्याचीच पर्वा होते.

त्या माणसाचं प्रकरण तरी दुसरं काय होतं?
तो सांगत होता, परवा आले होते.
कायदा मला विचारत होता, परवा येतील का?
आणि मी दाराला
रंग देत बसले होते.

बहिणीला लगेच उलट विचारलं :
झालं, की व्हायचंय?
त्याला एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

अपील पुढं गेलं का, मला कळवत नाहीत.
तशी पद्धत नाही.
विचारता येतं का, हेही मी
नऊ वर्षांत कुणाला विचारलेलं नाही.

लावालेकडून तो शब्द वहीत लिहून घेतला,
त्यांच्या लिपीत. त्याचं अक्षर फार वाईट.

संध्याकाळी उतरताना पायऱ्या मोजायला लागले.
दुसऱ्या वळणावर ताडेयानं विचारलं,
पलीकडे जाणारी शेवटची फेरी किती वाजता,
आणि आकडा गेला.
तेवीस होता. किंवा सव्वीस.

कठडा मात्र धरला होता.
लोखंडी, गार, हाताला मिठाचा ओलावा.
रंग बघायचा राहिला.