उंच गुरुबारी

पहिल्या आठवड्यात मी दाराला टॉवेल लावला,
पडदा म्हणून.
निम्मं गाव टॉवेल बघायला आलं.
हात लावून पाहिला, उलटा करून पाहिला,
मग सगळ्याजणी आतच येऊन बसल्या
आणि विचारलं, एकटी काय करत होतीस?
वाचत होते, म्हटलं.
दुखणाइताकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
त्या रात्री सामारी चटई घेऊन माझ्याकडे झोपायला आली.
ती घोरते.
आता ती माहेरी गेली की मला झोप लागत नाही.

कोरापुटच्या या डोंगरात मी मुलांची वजनं करायला आले.
फणसाच्या फांदीला काटा, काट्याला झोळी,
झोळीत एकेक किंचाळणारा जीव,
माझ्या हातात तक्ता: हिरवा, पिवळा, लाल.
तेवढं मला येत होतं.
ओढ्यावर अंगावरचं लुगडं न सोडता अंघोळ कशी करायची
ते नव्हतं येत.
उकिडवं किती वेळ बसायचं तेही नाही.
(गुडघे नको म्हणेपर्यंत, आणि मग आणखी थोडं.)
तुंब्यातून मंडियाची पेज, म्हणजे नाचणीची,
कालची, आंबूस.
पहिल्यांदा श्वास रोखून प्याले.
चौथ्या घोटाला आठवलं,
आमच्याकडे काळ्या पावाचं पीठ असंच आंबवतात,
असाच वास येतो आजीच्या लाकडी बादलीला.

माझं नाव टिकलं नाही.
रसा. आमच्या भाषेत दंव.
इथे रस म्हणजे सलपाच्या झाडावरून मडक्यात ठिबकतो तो,
ऊन चढतं तसा चढणारा.
पुरुष हाक मारत आणि खो खो हसत.
शेवटी बुद्रा जानीची आई म्हणाली,
तुझा वार कुठला?
सोमवारची ती सामारी, बुधवारची बुद्री,
शुक्रवारची सुकरी. तू?
मला तारीख माहीत होती. वर्ष माहीत होतं.
वार नाही?
म्हातारी इतकी हळहळली, जणू मी रस्त्यावर सापडलेली.

रेंज येते त्या टेकडीवर चढले.
पानेवेझिसहून आई ओरडली
(लांबच्याला ओरडूनच ऐकू जातं असं तिला वाटतं):
वार कोण लक्षात ठेवतं?
मग म्हणाली, थांब.
इस्पितळात मासे होते त्या दिवशी.
सोव्हिएत काळात गुरुवारी सगळ्या खानावळींत मासेच.
मला कळा येत होत्या
आणि जिन्यावरून तळणाचा वास.
अडतीस वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं.
मीही कधी विचारलं नव्हतं.

गावात तीन गुरुबारी आधीच होत्या.
एक म्हातारी, एक बहिरी, एक शेळ्यांची.
मी उंच.

म्हणून सगळं सोपं झालं असं नाही.
पौषात आइतीचं पोर झोळीत घातलं,
काटा मागच्या महिन्याच्या खाली.
मी लाल पट्ट्यात टिंब दिलं.
हात थरथरला नाही, त्याचीच भीती वाटली.
किती? आइतीने विचारलं.
सांगितलं.
आज रडून रिकामा झालाय तो, ती म्हणाली. उद्या मोज.
दुसऱ्या दिवशी मोजलं.
तितकंच.

गेल्या बाजारी आल्याच्या पोत्यांचा काटा रिकामा होता.
तिघी गुरुबारींनी मला त्यावर ढकललं, गंमत म्हणून.
बावन्न.
आले तेव्हा एकसष्ट होते, मी म्हटलं,
आणि हसणं थांबलं.
बहिरीला काय ऐकू आलं कोण जाणे,
तिने माझ्या पिशवीतून तक्ता ओढला,
नाव लिहिता येत नाही म्हणून एक लांबलचक रेघ मारली,
आणि पट्टे नीट न्याहाळून
लालमध्ये टिंब.

सकाळी दारात, टॉवेलच्या खाली,
तीन तुंबे.
शेळ्यांच्या गुरुबारीची पेज नेहमीसारखी फार आंबलेली.
उकिडवी बसले.
प्याले.