लगाम कुठाय

मिनेसोटात, इली गावाच्या बाहेर,
उणे एकवीस.
पापणीला पापणी चिकटतेय.
माणशी पंच्याण्णव डॉलर, पोरांना निम्मे,
सगळी मिळून वीस मिनिटं.
शलाकानं हिशोब केला नाही, म्हणून मी केला
आणि केला ते बोललो नाही.

कुत्री मात्र बोलत होती.
अठ्ठावीस कुत्री, आपापल्या खुंट्याला,
मला न्या मला न्या मला न्या.
मार्लिसबाई पट्टे घेऊन बाहेर आली तशी
एकेक जण उभ्याउभ्या चारी पायांवर उडायला लागला.
कामाला जुंपणार म्हणून एवढा आनंद
मी कुठे पाहिला नव्हता. आमच्या ऑफिसात तर नाहीच.

आठ निवडली.
एकाचं नाव पिकल. म्हणजे लोणचं, रेवा म्हणाली,
आणि दिवसभर त्याला लोणचंच म्हणत राहिली.
मी वेगळंच शोधत होतो.
छातीवरचा पट्टा पाहिला, ओढदोर पाहिला,
मानेजवळची कडी चाचपली.
लगाम कुठाय?

माझे वडील मिरजेत टांगा हाकायचे.
स्टेशन ते मिशन हॉस्पिटल.
बाळंतिणी, मोतीबिंदू, खोकणारी म्हातारी माणसं.
घोड्याचं नाव शिकंदर.
चाबूक त्याच्या पाठीवर पडलेला मी दोनदाच पाहिला,
चाकाच्या आऱ्यांत धरून वाजवलेला रोज.
पोरांना हे सांगितलं नाही असं नाही.
सांगितलंय. पण
‘आमची घोडागाडी होती’ असं,
जणू हौसेची.

लगाम नसतो, मार्लिस म्हणाली, नुसता आवाज.
‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे.
आमच्याकडे ‘जी’ म्हणजे होकार, मी म्हणालो.
ती म्हणाली, इथे तेवढा भरवसा नाही.

मग तिनं बर्फात रुतवलेला आकडा उपसला
आणि आमच्या आठांचा सगळा कालवा
गप्प.
इतका, की कानांना लागला.
स्लेजखाली मिठाच्या ढिगावरून काही ओढावं तसा आवाज,
आठ पाठी, बत्तीस पाय,
पायांत लाल-निळे कापडी बूट.
धावता धावता लोणच्यानं तोंडभर बर्फ चावला,
धावता धावता एकीनं दुसरंही उरकून घेतलं,
त्याचा वास सरळ आमच्या तोंडावर,
आणि तनय, वय वर्षं चौदा,
दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

तळं आलं. वर पांढरं, काठाला वाळकं गवत.
‘जी’, मार्लिस मागून म्हणाली,
ओरडून नाही, जेवायला हाक मारावी तशी.
पुढच्या करड्या कुत्रीनं एक कान मागे केला,
ऐकलं,
आणि डावीकडे गेली.

मार्लिस रागावली नाही.
उजवीकडे बर्फावर पाणी आलं असणार, म्हणाली.
तिला आधी कळतं.

शेवटच्या गाडीची गिऱ्हाइकं सोडून झाली
की वडील टांग्यातच झोपायचे.
शिकंदर घरी आणायचा.
दारात टापा थांबल्या की आई कंदील घेऊन बाहेर यायची
आणि आधी घोड्याच्या नाकावरून हात फिरवायची.
लगाम वडिलांच्या मांडीवर असायचा,
सुटलेला.
हे मला आज, या तळ्यावर, इतक्या थंडीत
का आठवावं?

परत आलो. घड्याळात सतरा मिनिटं.
मागे राहिलेली वीस कुत्री अजून रुसलेली,
एक तर आमच्याकडे पाठ करून बसलेली.
रेवानं लोणच्याच्या मानेत तोंड खुपसलं,
शलाकानं तिचा हातमोजा शोधला, सापडला नाही.

गाडीत हीटर लावला. बोटांत सुया टोचायला लागल्या.
मी म्हणालो, ती घोडागाडी नव्हती.
टांगा होता. भाड्याचा.
माणशी बारा आणे.
शलाकानं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं.
मागच्या सीटवर थोडा वेळ काहीच नाही.
मग तनयनं विचारलं,
तोही असाच पळता पळता करायचा?

रोज, म्हणालो.
मी पुढे बसायचो.