अकरा वाजून दहा

सीपीआरच्या जुन्या इमारतीत, साखरेच्या ओपीडीशेजारी
आम्हाला एक खोली मिळाली. पूर्वी तिच्यात
प्लास्टरची पोती असायची. अजून पांढरं उडतं.
साखर असणाऱ्यांची आठवण तपासायची,
पन्नाशीच्या पुढचे, रोज बारा जण.
फॉर्म पुण्याहून आलेला. मराठी शुद्ध.

सातव्या नंबरला रुद्राप्पा हत्तरगी.
मूळ संकेश्वरकडचे, चाळीस वर्षं शाहूपुरीत
गुळाच्या अडतीवर तोलाईला.
शेजारच्या स्टुलावर निंगव्वा. बोलावलं नव्हतं, बसली.

पाच शब्द सांगितले:
खिडकी, लिंबू, दोरी, पोस्टमन, तांबडा.
"ध्यानात ठेवा, मागाहून विचारीन."
"बरं बरं. पण पोस्टमन कशाला?
आता येतोय कुठं त्यो?"

शंभरातून सात वजा करत चला.
ओठ मिटून थोडा वेळ. मग
तोंबत्तमूरु.
एंबत्तारु.
एप्पत्तोंबत्तु.
तराजूत वजनं ठेवावीत तसे, एकेक.
फॉर्मवर कन्नडला रकाना नाही.
मी बोटांवर मोजून पडताळलं, मलाच वेळ लागला,
आणि तीन बरोबरच्या खुणा केल्या, कुणाला न विचारता.
चौथ्याला ते अडले. म्हणाले,
"किती रवे झाले म्हणायचे?"

घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं.
गोल काढला, सुरेख, एका दमात.
मग आकडे सोडून कडेला एक लहानशी खाच.
"हे काय?"
"रव्याची कड मोडलीया. चव बघाय नको?"
शून्य गुण, मी लिहिलं.
त्यांच्या कपाळावर घाम. पंखा तर फुल्ल होता.

मघाचे पाच शब्द?
ते खिडकीकडं बघत राहिले
आणि खिडकी म्हणाले नाहीत.
तेवढ्यात मला दिसलं, निंगव्वाचे ओठ हलतायत,
आवाज नाही. लिंबू. दोरी.
किती दिवस चाललंय हे?
अडतवाल्यापुढं, सुनेपुढं, बँकेत सहीच्या वेळी
ती अशीच जरा मागं बसून
त्यांच्या तोंडात शब्द ठेवत आली असेल.

तिच्या पदराच्या टोकाला दोन गाठी होत्या.
"ह्या कसल्या?"
"सुई टोचली की एक बांधतो मी. रातीला सोडतो."
"मग दोन कशा?"
ती गप्प. मग पायातल्या चपलेकडं बघत,
"पाणी भराय गेल्तो. आलो तर ह्येनी
परत टोचून घेतल्यालं."

फॉर्म बाजूला. सिस्टरला हाक. बोटाचा थेंब: बावन्न.
ग्लुकोजचा डबा कपाटात, किल्ली रजेवर.
निंगव्वानं चंची सोडली, सुपारीखालून
गुळाचा खडा काढून त्यांच्या जिभेवर ठेवला.
पाच मिनिटं. दहा.
रुद्राप्पांनी खडा गालात फिरवला, डोळे मिटले,
आणि भर सौद्यात बोलावं तसं म्हणाले,
"पावडर मारलीया ह्याला. कुणी दिला?"

दुपारी, भाकरी खाऊन झाल्यावर, नवा फॉर्म घेतला.
नियमात बसत नव्हतं. बसवलं.
घड्याळात बारा आकडे आले, एका बाजूला दाटीनं,
एक काटा अकरावर
आणि दुसरा, दहा मिनिटं म्हणून, दहावर.
शब्द तीन. पोस्टमन सगळ्यात आधी.
म्हणजे सगळाच दोष सुईचा नव्हता.
उरलेले दोन शेजारच्या स्टुलावर असतील;
या वेळी मी तिकडं पाहिलं नाही.

समासात लिहिलं: भाषा कन्नड.
हातात घड्याळ कधीच नव्हतं, वेळ भोंग्यावर.
सुई इथून पुढे पत्नीने द्यावी.
पुण्याला समास कुणी वाचत असेल तर.

पुढची तारीख सांगितली, अठरा, मंगळवार.
दोघांनी माना हलवल्या.
जिन्यापाशी जाऊन निंगव्वा थांबली,
पदर पुढं घेतला
आणि तिसरी गाठ मारली.