निरंक

आमच्या कार्यालयाच्या गच्चीवर
एक पर्जन्यमापक होतं म्हणे.
मी रुजू झाले तेव्हा तिथे सोलरच्या पाट्या होत्या
आणि कबुतरं.

रजिस्टर मात्र होतं, निळ्या बांधणीचं, पाठ उसवलेलं.
सकाळी साडेआठचा पाऊस
दहा वाजून वीस मिनिटांनी लिहायचा.
सोनजे भाऊसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं,
"यंत्र नाही, म्हणून मोजमाप नाही.
मोजमाप नाही म्हणजे निरंक.
शून्य लिहू नका ताई,
शून्य म्हणजे कुणीतरी मोजलं असा अर्थ होतो."

मग तीन प्रती.
एक बोरस्ते साहेबांना, एक मंडळाला,
तिसरी फिरून माझ्याकडेच, पोच म्हणून,
आणि त्या पोचेची पोच मी बारनिशीत घेते.

एकदा धीर करून टिपणी ठेवली :
सदर अहवाल बंद व्हावा, ही विनंती.
चार महिन्यांनी लाल शाईत उतरली –
मागील दहा वर्षांचे पर्जन्यमान जोडावे.
जोडलं.
तीन हजार सहाशे बावन्न निरंक.
शालिमारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "कादंबरी लिहिली काय, मॅडम?"
त्यावर अजून 'चर्चा करावी' आहे.

यंदा ऑगस्टात गंगा चढली.
लोक होळकर पुलावर छत्र्या घेऊन उभे.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं,
छातीला लागलं,
"गळ्याशी आलं" एवढा एक शब्द आला
आणि सराफ बाजारातली दुकानं
भराभरा माळ्यावर चढली.
आकडा कुणी विचारला नाही.

मी सातपूरहून निथळत पोचले.
ओढणी खिडकीबाहेर पिळली,
कोरा नमुना ओढला, लिहिलं
निरं
आणि केसातला एक थेंब
नेमका त्या शब्दावर पडला. शाई फुटली.
तरी 'क' पुरा केला. तीन सह्या झाल्या.
त्या कागदावर पडलेला तो पहिलाच पाऊस.

तिसऱ्या दिवशी, पाणी उतरल्यावर, मंडळातून फोन.
वाटलं, पुराचं विचारतील.
"बाई, सोळा तारखेच्या प्रतीवर डाग आहे.
स्वच्छ करून पाठवा."

पाठवली.

डागाची प्रत माझ्या खणात आहे, डब्याखाली.
पट्टी लावून पाहिली :
अकरा मिलिमीटर.
हे कोणत्या रकान्यात लिहायचं
ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.